पहिल्या चाळीस पानांचा घाट : मुलांच्या हाती फॅन्टसी कादंबरी कशी द्यावी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी दर रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात मी पुस्तकांची पत्र्याची पेटी उघडून बसते. परत आलेलं पुस्तक हातात आलं की पान कुठं दुमडलंय ते आधी बघायची सवय मला लागली आहे. शिकारकथा, चरित्रं, शाळकरी मुलांच्या गोष्टी यांची पानं कुठंही दुमडलेली असतात. फॅन्टसी, म्हणजे जादूच्या, अद्भुत जगातल्या कादंबऱ्यांचं तसं नाही. त्या अर्धवट परत आल्या तर घडी बहुतेक विसाव्या ते चाळिसाव्या पानाच्या मधेच सापडते.

“आवडलं नाही काकी,” मूल सांगतं आणि पेटीत दुसरं काहीतरी शोधायला लागतं. सुरुवातीची काही वर्षं मी ते खरं मानलं. पुढं एकदा सहावीतल्या एका मुलाला मांडीशी बसवून त्याच घडीपासून पुढची दहा पानं वाचून दाखवली, तर तो दुपारी जेवायला उठेना. पुस्तक आवडलं नव्हतं असं नाही, त्याला वर चढवायला कोणी नव्हतं.

गोव्याहून चोर्ला घाटानं वर येताना पहिली वळणं पोट ढवळून काढतात. एकदा कणकुंबी आली, जांबोटीकडचं रान सुरू झालं की खिडकीची काच खाली करून माणूस वारा घेत बसतो. फॅन्टसीचंही असंच. लेखकाला अख्खा नवा मुलूख उभा करायचा असतो. तिथली नावं, चालीरीती, जनावरं, जादूचे नियम हे सगळं ओझं तो पहिल्या चाळीस पानांत वाचकाच्या डोक्यावर देतो. तेवढा घाट पार झाला की मूल पुढं आपलं आपण पळतं. म्हणून या लेखात पुस्तकांची नावं येतील, पण मुख्य गोष्ट एवढीच सांगायची आहे की तो घाट मोठ्यांनी मुलाबरोबर चढायचा असतो.

पायरी पहिली : वय विचारू नका, दम बघा

पुस्तकाच्या मागं छापलेलं “९ ते १२ वर्षे” हे वय इंग्रजी घरात वाढलेल्या मुलाचं असतं. आपल्याकडं मूल घरी मराठी बोलतं, शाळेत कन्नड शिकतं, कुणी इंग्रजी माध्यमात जातं, टीव्ही हिंदीत बघतं. त्यामुळं सातवीतली मुलगी समजेनं नववीची आणि मराठी वाचनाच्या वेगानं चौथीची असू शकते. हे तिचं उणेपण नाही. तिच्या कानात तीन-चार भाषा आहेत, डोळ्यांना मात्र कुठल्याच एका भाषेचा पुरेसा सराव झालेला नाही.

मी करते ती परीक्षा सोपी आहे. पुस्तक मधेच कुठंतरी उघडायचं आणि मुलाला एक पान मोठ्यानं वाचायला सांगायचं. अडखळलं की आपण गुपचूप एक बोट मिटायचं. पान संपेपर्यंत पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक आपण वाचून दाखवायचं. दोन-तीन मिटली तर निम्मं आपण, निम्मं त्यानं. त्याहून कमी असतील तर त्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्यावं. मग पुस्तक मिटून विचारायचं, “तुला काय दिसलं?” अर्थ विचारायचा नाही, अर्थ म्हटलं की मुलाला परीक्षेचा पेपर आठवतो. “एक म्हातारा दारात उभा हाय, बाहेर पाऊस लागलाय, त्याच्या हातात दिवा हाय,” एवढं आलं तरी समज पक्की आहे असं धरून चाला.

पायरी दुसरी : भाषा ठरवा, आणि एकच ठरवली पाहिजे असं नाही

सीमाभागातल्या घरात हा प्रश्न नाजूक असतो. माझं मत स्पष्ट आहे. पहिली मोठी अद्भुत कादंबरी, मूल घरात ज्या भाषेत भांडतं त्या भाषेत त्यानं वाचावी. आमच्याकडं ती मराठी. अनोळखी जग अनोळखी भाषेतून दिलं की एकाच वेळी दोन घाट चढावे लागतात.

जे. के. रोलिंग यांच्या ‘हॅरी पॉटर’चं पहिलं पुस्तक मराठीत ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावानं आलं आहे. दोन वर्षांमागं उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या शेजारच्या घरी एक मजा घडली. मराठी शाळेतली सातवीची मुलगी हे मराठी पुस्तक घेऊन सोप्यात बसली होती आणि बेळगावहून सुट्टीला आलेला तिचा मामेभाऊ तेच पुस्तक इंग्रजीत घेऊन तिच्या शेजारी. परीस म्हटल्यावर तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. लोखंडाला लावला की सोनं होतं, हे तिनं आजीकडून ऐकलेलं. तो मात्र ‘फिलॉसॉफर्स स्टोन’ या इंग्रजी नावातल्या ‘फिलॉसॉफर’ या शब्दाशीच झटत बसला होता. तिनं त्याला परीस सांगितला, त्यानं तिला इंग्रजी नावांचे उच्चार सांगितले, आणि दोघं रोज संध्याकाळी “तू कुठवर आलायस?” “मी पुढं गेलोय की!” असं करत आठ-दहा दिवसांत पुस्तक संपवून मोकळी झाली. घरात असे दोन भाषांतले भाऊबहीण असतील तर एकच पुस्तक दोन्ही भाषांत आणण्यासारखा दुसरा उपाय मला ठाऊक नाही.

कन्नडचं दारही बंद ठेवू नका. अद्भुतकथेच्या बाबतीत आपला हा मुलूख श्रीमंत आहे. २०१० चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेले चंद्रशेखर कंबार बेळगाव जिल्ह्यातल्या घोडगेरीचे, आणि त्यांचं सगळं लेखन लोककथांच्या मातीतून उगवलेलं आहे. ए. के. रामानुजन तरुणपणी बेळगावात कॉलेजात शिकवत होते. कर्नाटकातल्या लोककथा त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या. ‘चांदोबा’ तर मराठीतही निघायचा आणि कन्नडमध्येही, चित्रं तीच, गोष्टी त्याच. त्याचे जुने अंक दोन्ही भाषांत जमवून शेजारी शेजारी ठेवले की शाळेतलं कन्नड मुलाला परकं वाटेनासं होतं. मासिक बंद पडून बरीच वर्षं झाली, पण जुन्या पुस्तकांच्या दुकानात गठ्ठे अजून सापडतात.

पायरी तिसरी : जादूचा नियम ऐकायला शिकवा

कादंबरी देण्याआधी दोन-चार आठवडे नुसत्या गोष्टी सांगा. हे काम आजीआजोबांचं, ते नसतील तर आपलं. गोष्ट सांगताना मुलाचं लक्ष एकाच ठिकाणी न्यायचं, नियम काय आहे?

विक्रम राजा वेताळाला खांद्यावर घेऊन निघतो. नियम असा की राजा बोलला की वेताळ परत झाडावर. पण उत्तर ठाऊक असून गप्प बसला तर डोक्याची शंभर शकलं. दोन्ही बाजूंनी कोंडी. चौथीतल्या मुलालाही ही कोंडी लगेच कळते.

रामानुजन यांनी नोंदवलेली एक कन्नड गोष्ट मी नेहमी सांगते. गरीब घरची एक मुलगी फुलांचं झाड होऊ शकते. एक घागर पाणी अंगावर ओतलं की झाड, दुसरी घागर ओतली की पुन्हा मुलगी. पाण्याला नख लागता कामा नये. फुलं हलक्या हातानं खुडायची, पान तुटता कामा नये, फांदी मोडता कामा नये. मी ही गोष्ट इथंच थांबवते आणि विचारते, “आता पुढं काय होणार?” सगळी एका सुरात ओरडतात, “कुणीतरी फांदी मोडणार!” कुणी शिकवलेलं नसतं त्यांना. नियम सांगितला म्हणजे तो मोडणार, आणि मोडला की कुणाला तरी त्याची किंमत मोजावी लागणार, हे त्यांना ऐकता ऐकताच उमगतं. एवढं उमगलेलं मूल कुठल्याही देशातली फॅन्टसी वाचू शकतं.

आणि हे खूळ परदेशातून आलंय असं म्हणणारे पालक भेटले तर त्यांना सांगते, मराठीत १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी आली, आणि पाठोपाठ १८६१ ची ‘मुक्तामाला’, १८६८ ची ‘मंजुघोषा’ या अद्भुतरम्य कादंबऱ्या आल्या. आपले पणजोबा-खापरपणजोबा रात्री दिव्याशी बसून हेच वाचत होते.

पायरी चौथी : कुणाला काय द्यायचं

आता पुस्तकं. इथं मी सगळ्यांना समान जागा देणार नाही, कारण सगळी सारखी उपयोगी पडत नाहीत.

*दम अजून थोडा असेल तर*, साधारण दुसरी ते चौथी, कादंबरीच्या आधी नाटक द्या. रत्नाकर मतकरी यांची ‘निम्मा शिम्मा राक्षस’ आणि ‘अलबत्त्या गलबत्त्या’ ही बालनाट्यं वाचायला उत्तम. वाक्यं तोंडात बसणारी, वर्णनं कमी, आणि एकेकाला एकेक पात्र वाटून देता येतं. चेटकिणीचं काम कोण करणार यावरून आमच्याकडं दर वेळी भांडण होतं. लाजरी, अडखळत वाचणारी मुलगी चेटकीण झाली की तिचा आवाज कसा सुटतो ते एकदा बघाच. इंग्रजीत या वयाला रोआल्ड डाल यांचं ‘द बीएफजी’ सुचवलं जातं. पुस्तक गोड आहे, पण त्यातला राक्षस मुद्दाम मोडकंतोडकं इंग्रजी बोलतो. ज्याचं इंग्रजी अजून कच्चं आहे त्याला चुकीचं काय आणि मुद्दाम केलेलं काय हे कळत नाही. त्यामुळं आपल्याकडं ते जरा उशिरा द्यावं.

*पाचवी ते सातवी* हा खरा काळ. इथं मुलाला लागलं तर आयुष्यभरासाठी लागतं. ज्याचा दम कमी आणि उत्सुकता जास्त, त्याला सी. एस. लुइस यांचं ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ (१९५०) द्या. लूसी पहिल्याच प्रकरणात कपाटातून बर्फाच्या जंगलात पोचते. घाटच नाही म्हणा ना. ज्याला एका जागी बसवत नाही, वाचन म्हणजे शिक्षा वाटते, त्याला रिक रायर्डन यांचं ‘पर्सी जॅक्सन’ मालिकेतलं पहिलं, ‘द लाइटनिंग थीफ’ (२००५). लेखकानं ही गोष्ट आधी आपल्या मुलाला झोपताना सांगितली होती. त्या मुलाला वाचताना अक्षरं जुळवायला त्रास व्हायचा, एका ठिकाणी लक्ष टिकवायलाही, आणि पुस्तकातल्या पर्सीलाही तसाच त्रास आहे. आमच्याकडं अशाच एका मुलानं ते पुस्तक छातीशी धरून नेलं. महाभारत तोंडपाठ असलेल्या इंग्रजी वाचणाऱ्या मुलीला रोशनी चोक्शी यांचं ‘आरू शाह अँड द एंड ऑफ टाइम’ (२०१८), त्यात पांडव मुलींच्या रूपात पुन्हा जन्माला आले आहेत.

सलमान रश्दी यांचं ‘हारून अँड द सी ऑफ स्टोरीज’ (१९९०) हे मात्र मी आग्रहानं देते. गोष्टी सांगणाऱ्या बापाची वाणी जाते आणि मुलगा ती परत आणायला निघतो. तिथं एका देशाचं नाव गप, दुसऱ्याचं चुप, आणि खलनायकाचं नाव खत्तम-शुद. इंग्रज मुलांना या नावांची फोड शेवटच्या पानांवर वाचावी लागते. आपलं मूल पहिल्या भेटीतच हसतं. इंग्रजी पुस्तक वाचताना आपण कुणाच्या तरी पुढं आहोत असं वाटणं हा अनुभव आपल्या मुलांना क्वचितच मिळतो.

*आठवी ते एसएसएलसी*, म्हणजे कर्नाटकातली दहावी. इथं मूल स्वतःशी झगडू लागलेलं असतं आणि त्याला तशीच पुस्तकं हवी असतात. माझं सगळ्यात लाडकं पुस्तक याच टप्प्यातलं, अर्सुला ले ग्विन यांचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८). पुस्तक बारीकच आहे. गेड नावाचा शेळ्या राखणारा पोरगा जादूगार होतो, गर्वाच्या भरात एक काळी सावली जगात सोडतो आणि मग तिच्यापासून पळत सुटतो. गेड तांबूस-सावळ्या रंगाचा आहे, त्याच्या जगातली बहुतेक माणसं सावळीच आहेत. आमच्या मुलांनी हे वाचलं की ती एकदा आपल्या हाताकडं बघतात.

त्या जगात प्रत्येकाला एक खरं नाव असतं आणि ते ज्याला कळलं त्याची त्या माणसावर सत्ता चालते. म्हणून खरं नाव कुणी सांगत नाही. हे समजावताना मला फार बोलावं लागत नाही. मी विचारते, “तुमची आजी आजोबांना नावानं हाक मारायची का?” सगळी हसतात. उखाण्याशिवाय नाव घ्यायचं नाही, बारशाचं नाव वेगळं, हाकेचं वेगळं, जन्मनाव फक्त भटजींना ठाऊक. नावात काहीतरी असतं ही गोष्ट आपल्या घरात आधीपासून आहे.

याच वयाला डायना विन जोन्स यांचं ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ (१९८६) मुलींना फार आवडतं, मुलग्यांनाही आवडतं पण ते कबूल करायला वेळ घेतात. मराठीत या वयाला नारायण धारप यांच्या ‘समर्थ’ कथा द्या, चांगल्याची आणि वाइटाची झुंज त्यांच्याइतकी अंगावर काटा आणून मराठीत फार थोड्यांनी लिहिली. “पण हे होईल कसं?” असं सारखं विचारणारं मूल असेल तर त्याला जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’कडं वळवा. ती विज्ञानकथा आहे, तरी अद्भुताची भूक तीही भागवते. नारळीकर मूळचे कोल्हापूरचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. नाथमाधवांची ‘वीरधवल’ ज्यांना जुनी मराठी पेलते त्यांनाच, पेलली तर मात्र ती मुलं रात्रभर झोपत नाहीत.

*पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) पुढं* टॉल्किन यांचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. मराठीत मुग्धा कर्णिक यांनी ते ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावानं आणलं आहे. तिन्ही खंड एकदम हातात देऊ नका, एकच द्या.

पायरी पाचवी : घाट चढणं

हीच पायरी मुख्य. तीन पुस्तकांवरून दाखवते.

‘हॅरी पॉटर’च्या पहिल्या प्रकरणात मोठी माणसं बोलतात, हॅरी अजून तान्हा आहे. शाळेची गाडी सहाव्या प्रकरणात सुटते. म्हणून पहिली तीन प्रकरणं आपण मोठ्यानं वाचायची, तीन रात्रींत. तिसऱ्याच्या शेवटी मध्यरात्री, वादळात, समुद्रातल्या खडकावरच्या झोपडीचं दार कुणीतरी धडाधडा वाजवतं. तिथं पुस्तक मिटायचं आणि उशाशी ठेवून “उद्या” म्हणून दिवा घालवायचा. सकाळी ते पुस्तक तुमच्या उशाशी नसतं.

टॉल्किन यांचंच ‘द हॉबिट’ (१९३७) मराठीतही मिळतं. त्यात पहिल्याच प्रकरणात नायक बिल्बोच्या घरी तेरा बुटके येऊन धडकतात. तेरा नावं! बहुतेक मुलं इथंच पुस्तक खाली ठेवतात. “काकी, ही नावं लई अवघड हायत ओ. ध्यानात राहीना झाल्यात.” मी सांगते, ध्यानात ठेवायचीच नाहीत, म्हणायची. ड्वालिन-बालिन, किली-फिली, डोरी-नोरी-ओरी, ओइन-ग्लोइन, बिफूर-बोफूर-बोंबूर, आणि थोरिन. लेखकानं ती मुद्दाम जोड्याजोड्यांनी लावली आहेत. टाळ्या वाजवत, आट्यापाट्या खेळताना गडी मोजतात तशी दोनदा म्हणा. मग सांगायचं की ध्यानात दोघंच ठेव, थोरिन हा पुढारी आणि बोंबूर हा लठ्ठ. बाकीचे लागतील तेव्हा येतील. पुढं पाचव्या प्रकरणात अंधाऱ्या गुहेत बिल्बो आणि गॉलम एकमेकांना कोडी घालतात. तिथं वाचन थांबवून आपली कोडी घालायची. त्या दिवशी आमची पेटी दुपारपर्यंत उघडीच होती.

‘अर्थसी’ची सुरुवात जुन्या बखरीसारखी संथ आहे. तिथं पुस्तकातला नकाशा उपयोगी पडतो. त्याची एक प्रत हातानं काढून घ्यायची आणि गेड जिथं जाईल तिथं पेन्सिलीनं रेघ ओढत जायचं. रेघ वाढत गेली की मुलाला आपण कुठंतरी पोचतोय असं वाटतं.

आणखी दोन गोष्टी. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा कापून तीच खूण म्हणून पुस्तकात ठेवायची, तिच्यावर नावं लिहीत जायची आणि नावासमोर एकच शब्द: “मामा”, “वाईट”, “घोडा”. दुसरं, वाचताना अवघड शब्दाला थांबू नका. प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगत बसलात तर मूल कपाटातून परत बाहेर येतं आणि वर्गात जाऊन बसतं. तीनदा आलेला शब्द ते आपोआप ओळखतं.

वाचायची वेळ पावसाळ्यातली चांगली. जुलैत रोपलावण चालू असते, मोठी माणसं शेतात, मुलं घरात अडकलेली, लाईट गेलेली. कौलांवर पाऊस वाजत असताना ड्रॅगनची गोष्ट जशी रुजते तशी एप्रिलच्या उन्हात रुजत नाही.

पायरी सहावी : भीतीचं काय करायचं

अद्भुतात भीती असणारच, ती काढून टाकलेलं पुस्तक मुलाला मिळमिळीत लागतं. पण कुठली भीती हे आपल्याला आधी माहीत हवं. नील गेमन यांचं ‘द ग्रेव्हयार्ड बुक’ (२००८) सुंदर पुस्तक आहे. अनाथ बाळाला स्मशानातली भुतं वाढवतात, किपलिंगच्या ‘जंगल बुक’मध्ये मोगलीला लांडगे वाढवतात तसं. पण पहिल्याच पानावर अंधारात सुरी आहे आणि त्या बाळाचं अख्खं कुटुंब मारलेलं आहे. ज्या घरात नुकतं कुणी गेलंय तिथं ते मी देत नाही. फिलिप पुलमन यांच्या ‘नॉर्दर्न लाइट्स’मध्ये (१९९५) प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात त्याच्यासोबत फिरतो, आणि काही माणसं मुलांना त्या प्राण्यापासून तोडतात. तेरा वर्षांच्या आधी नको, आणि त्या प्रकरणानंतर मुलाशी बोलायला घरात कुणी मोठं असलं पाहिजे.

‘यंग अॅडल्ट’ (कुमारवयीनांसाठी) हा शिक्का बघून फसू नका. बाराच्या मुलालाही तो लागतो आणि अठराच्या मुलीलाही. नवी जाडजूड, रंगीत कडांची जी फॅन्टसी दुकानात दिसते त्यातली काही सरळ सरळ मोठ्यांची आहे. आधी स्वतः अख्खं पुस्तक चाळा.

पायरी सातवी : मालिका कुठून सुरू करायची

लुइस यांची ती कपाटाची गोष्ट ज्या ‘नार्निया’ मालिकेतली, तिच्या नव्या संचांवर ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ला पहिला क्रमांक छापलेला असतो. ते १९५५ साली, म्हणजे मालिकेत मागाहून आलेलं पुस्तक. त्यापासून सुरू करू नका. कपाट आधी, कपाट कुठून आलं ते नंतर. ‘हॅरी पॉटर’ची सात पुस्तकं १९९७ ते २००७ अशी दहा वर्षांत आली, वाचक मोठे होत गेले तशी पुस्तकंही गडद होत गेली. आपलं मूल ती एका सुट्टीत संपवायला बघतं. चौथ्या पुस्तकाच्या शेवटी मृत्यू येतो आणि पाचवं इंग्रजीत सातशे पानांच्या पुढं जातं. पाचवीतल्या मुलाला तिसऱ्यानंतर थांबवा, मधे दुसरं काही द्या, वर्षभरानं चौथं.

पायरी आठवी : पुस्तकं आणायची कुठून

बेळगावात गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय दीडशे वर्षांहून जुनं आहे. मुलाला घेऊन जा, त्याच्या हातानं पुस्तक काढू द्या. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात, तिथं पुस्तकांचे स्टॉल असतात. मुलांना ग्रंथदिंडीला नेतोच, तर स्टॉलवरही अर्धा तास मोकळं सोडा आणि खिशात थोडे पैसे द्या. चार घरांनी मिळून प्रत्येकी एक पुस्तक घेतलं आणि महिन्याला फिरवलं तर वर्षाचा प्रश्न मिटतो.

रस्त्यावरच्या स्वस्त नकली प्रतींपासून सांभाळा. एकदा मी अशीच एक प्रत निम्म्या किमतीत आणली. शेवटच्या लढाईच्या ऐन तोंडाशी सोळा पानं गायब, आणि त्यांच्या जागी मागचीच सोळा पानं पुन्हा शिवलेली. ज्या मुलीनं ती नेली होती ती रविवारची वाट न बघता भर पावसात घरी आली, पुस्तक पिशवीत गुंडाळलेलं, डोळे भरलेले. “काकी, मधलं कुठं गेलं?” माझ्याकडं दुसरी प्रत नव्हती. मी आठवून आठवून तिला ती सोळा पानं तोंडी सांगितली, आणि नंतर खरी प्रत आणली. बहुतेक पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या फॉर्मांनी शिवतात, त्यामुळं चूक झाली तर ती बहुधा सोळाच्या पटीत होते. विकत घेताना दर सोळा पानांनी पानाचा आकडा बघत जा, दोन मिनिटांचं काम आहे.

पायरी नववी : वाचून झाल्यावर

सारांश लिहायला लावू नका. कोऱ्या कागदावर आपल्या मुलखाचा नकाशा काढायला लावा आणि विचारा, ही गोष्ट इथं घडली असती तर कुठं? आमच्या मुलांनी राजहंसगडावर ड्रॅगन बसवला, मलप्रभेच्या उगमाशी कणकुंबीला नाव विसरलेली देवता ठेवली, हलशीच्या जुन्या देवळातून दुसऱ्या जगात जायचं दार काढलं. भीमगडच्या रानात बारापेडे गुहा आहेत, तिथं जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारी वटवाघळं राहतात. हे कळल्यावर एका मुलानं त्या वटवाघळांना राज्य, राणी आणि टपालखातं देऊन टाकलं. नियमही ठरवला. वटवाघूळ निरोप फक्त अंधारात नेतं, आणि निरोप खोटा असेल तर वाटेत आंधळं होतं.

पेटीच्या वहीत पूर्वी तीन रकाने होते: नाव, पुस्तक, तारीख. आता चौथा आखलाय, “कुठल्या पानावर अडलं”. ज्याच्यापुढं पंचवीस, तीस, अडतीस असा आकडा येतो त्याला पुढच्या रविवारी मी जवळ बसवून घेते. मागच्या रविवारी त्या वटवाघळांच्या मुलानं स्वतःच रकाना भरला. “३१”, आणि पुढं कंसात, “तुम्ही वाचा, मी ऐकतो.”